नव्या साबणाची पारख

मालेगांवच्या मागावरून उतरलेलें नवें लुगडें घरांत आलें, कीं त्याची खरी परीक्षा नेसण्यानें होत नाहीं. ती पहिल्या धुण्यानें होते. विणण्यापूर्वीं ताण्याला दिलेली खळ त्या दिवशीं निघून जाते, कापडाचें कडकपण उतरतें, आणि रंग पक्का आहे कीं कच्चा, पोत मुळांतच दाट आहे कीं खळीमुळें तो दाट भासत होता, याचा उलगडा बादलीभर पाण्यांत होतो. विणकराची अब्रू, दुकानदाराचा शब्द आणि गृहिणीचे पैसे हीं तिन्हीं त्या बादलींत एकदमच पडलेलीं असतात. याच परीक्षेला आणखी एक उमेदवार बसलेला असतो, पण त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो उमेदवार म्हणजे साबण. रंग गेला तर दोष रंगाऱ्याला लागतो. वस्तुतः पुष्कळ वेळां तो साबणांत राहून गेलेल्या मोकळ्या खाराचा असतो.

श्रोतेहो, नवा साबण, धुण्याची नवी भुकटी किंवा फरशी पुसण्याचें नवें औषध बाजारांत यावयाचें झालें, म्हणजे त्याचा गाजावाजा प्रथम मुंबईस होतो. भिंतीवर चित्रें लागतात, वर्तमानपत्रांत जाहिराती येतात, दुकानाच्या दर्शनी कपाटांत वड्यांचे मनोरे रचले जातात. या थाटामाटाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. ज्या मालाची ओळख कोणी करून देत नाहीं तो माल विकत कोण घेणार? परंतु असा माल टिकतो कीं बुडतो, याचा निकाल त्या कपाटापुढें लागत नाहीं. तो मालेगांवासारख्या गांवांतील धुण्याच्या दगडावर लागतो. मुंबईकर पावसाच्या तलावांतलें पाणी वापरतो, आणि तेथील गिऱ्हाईक घाईंत असतें. गांवचें गिऱ्हाईक वडी हातांत घेऊन तिचा वास घेतें, वजनाचा अंदाज करतें, शेजारणीला विचारतें, आणि पुढच्या खेपेस तीच वडी मागावयाची कीं नाहीं हें एका आठवड्यांत ठरवून टाकतें.

हें गांव मोसम नदीच्या कांठीं, तिच्या आणि गिरणेच्या संगमाजवळ वसलेलें आहे. नारोशंकर राजेबहादूर यांनीं अठराव्या शतकांत बांधलेला भुईकोट किल्ला आणि १८१८ सालीं इंग्रजांनीं त्याला घातलेला वेढा यांमुळें इतिहासांत त्याला स्थान मिळालें. पण गांवाचें पोट चालतें तें मागावर. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं कुटुंबें दक्षिणेकडे सरकलीं, आणि त्यांतील पुष्कळ मुंबई-आग्रा रस्त्यावरील या गांवीं स्थिरावलीं. १९३५ च्या सुमारास हातमागांच्या शेजारीं यंत्रमाग खडखडूं लागले, आणि पुढें सारें गांवच त्या तालावर झोपूं-उठूं लागलें. मोसमच्या एका तीरावर मुख्यत्वें मुसलमानांची वस्ती आहे, दुसऱ्या तीरावर मुख्यत्वें हिंदूंची.

मागावरच्या कामगाराच्या कपड्यांवर दोन प्रकारचा मळ बसतो. एक कापसाची तूस, जी झटकली कीं जाते. आणि दुसरा यंत्राच्या तेलाचा काळा डाग, जो सहजासहजीं कशानेंच जात नाहीं. शुक्रवारीं माग बंद असतात, आणि त्या दिवशीं दुपारच्या नमाजासाठीं कपडे निर्मळ असावे लागतात. नदीपलीकडे जुन्या वळणाच्या घरांत सोंवळ्याचें धोतर निराळ्या दोरीवर, कोणाचा हात लागणार नाहीं अशा उंचीवर वाळत असतें. म्हणजे दोन्हीं तीरांवर धुणें हें केवळ मळ काढण्याचें काम नाहीं. तें देवापुढें उभें राहण्याच्या तयारीचें अंग आहे. अशा तयारींत जो पदार्थ वापरावयाचा, त्याच्या कुळाची चौकशी होणें अगदीं साहजिक होय.

पूर्वीं ही चौकशी करावीच लागत नसे. भांड्यांना राख आणि चिंच, केंसांना शिकेकाई, रेशमाला रिठा, अंगाला डाळीचें पीठ, आणि परटाच्या भट्टीला सज्जीखार, असा सारा संसार होता. यांतील प्रत्येक वस्तु डोळ्यांसमोरची. राख घरच्याच चुलींतली, चिंच घरच्याच मडक्यांतली. आणि या गोष्टी अडाणीपणाच्याही नव्हत्या. राखेंत खार असतो, तो तेलकटपणा तोडतो. चिंचेंतील आम्लानें तांब्या-पितळेवरचा काळसर थर विरघळतो. रिठ्याचा फेंस मळ काढतो, पण त्यांत सोड्याचा तिखटपणा नसल्यामुळें रेशमाचा धागा शाबूत राहतो. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे तीव्र खारानें खंगतात, कापूस मात्र तो पुष्कळ सोसतो. ज्या आजीबाईनें पैठणीला सोडा लावूं दिला नाहीं, तिला हें रसायनशास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. शिकविलें होतें तें एखाद्या बिघडलेल्या पदरानें.

खाराचा व्यापारही महाराष्ट्राला नवा नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर उल्कापातानें झालेल्या खळग्यांत साठलेलें आहे; त्याचें पाणी इतकें खारट कीं उन्हाळ्यांत तें आटलें म्हणजे कांठावर खाराचे पापुद्रे सुटतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलनें ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली, तींत वऱ्हाडच्या वर्णनामध्यें लोणारचा उल्लेख करून, कांच आणि साबण करण्याचें साहित्य तेथें मिळतें, असें नमूद केलें आहे. तेव्हां साबण ही वस्तु साहेबाच्या पेटींतून प्रथम या देशांत उतरली, ही समजूत टाकून दिली पाहिजे. खुद्द ‘साबण’ हा शब्दही इंग्रजीचा नव्हे. अरबी ‘साबून’शीं त्याचें नातें आहे.

साहेबाबरोबर आली ती साबणाची वेष्टनांतली, नांव कोरलेली वडी. विल्यम लिव्हर या इंग्रज व्यापाऱ्याची खरी करामत रसायनांत नव्हती. त्याच्या काळीं विलायतेंतही वाणी साबणाच्या लांब लादीचा तुकडा तारेनें कापून तोलून देत असे, आणि तुकडा कापला कीं करणाऱ्याचें नांव पुसलें जाई. लिव्हरनें लहान वड्या पाडल्या, प्रत्येकीला कागद गुंडाळला, प्रत्येकीवर ‘सनलाईट’ हें नांव उठविलें. १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत या वड्यांचीं खोकीं उतरलीं, आणि त्यांवर त्या इंग्लंडांत झाल्याचें ठळक कोरलें होतें. त्या काळीं तेवढा शिक्का पुरेसा होता. नांवावर विश्वास ठेवा, आंत काय आहे तें विचारूं नका, असाच त्या शिक्क्याचा अर्थ होता.

परंतु लोक विचारीत. विलायती साबणांत गुराची चरबी हा नित्याचा घटक असे. सनलाईटमध्यें वनस्पतींचीं तेलें पुष्कळ होतीं, तरी चरबीचाही भाग होता. आतां रसायनशास्त्रज्ञ सांगेल, कीं तेल आणि दाहक सोडा यांचा संयोग झाला म्हणजे साबण आणि ग्लिसरीन हीं निर्माण होतात. त्यांत तेल तेल राहत नाहीं आणि चरबी चरबी राहत नाहीं. शास्त्रदृष्ट्या हें अगदीं खरें आहे. पण ज्या घरांत गाय पूज्य आहे किंवा ज्या घरांत डुकराचें नांवही निषिद्ध आहे, त्या घराचा प्रश्न शास्त्राचा नव्हताच. आणि हा प्रश्न मालेगांवच्या विणकरांना तरी कोणी समजावून सांगावयास नको होता. ज्या बंडाच्या धामधुमींतून त्यांचे पूर्वज दक्षिणेंत आले, त्या बंडाची ठिणगी पडली ती काडतुसांना लावलेल्या चरबीच्या शंकेनें. एकाला गाईची शंका, दुसऱ्याला डुकराची. काडतूस दांतानें तोडावयाचें होतें, साबण अंगाला चोळावयाचा होता, फरक एवढाच.

ही अडचण ओळखून जो माल बाजारांत आला, त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. अर्देशर बर्जोरजी गोदरेज हे मुंबईचे पारशी गृहस्थ, जन्म १८६८ चा, शिक्षणानें वकील. पण वकिली सोडून ते कारखानदारीकडे वळले. त्यांचा पहिला उद्योग शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा, आणि तो फसला. हत्यारें वाईट होतीं म्हणून नव्हे. माल पसंत पडला होता. परंतु त्यावर हिंदुस्थानांत बनल्याची खूण घालूं नये, असा घेणाऱ्यांचा आग्रह पडला, आणि गोदरेज तें कबूल करीनात. मग १८९७ सालीं त्यांनीं कुलुपें करण्यास आरंभ केला, आणि पुढें तिजोऱ्या. चोराला न उघडणारें कुलूप या एका गोष्टीवर त्यांचें नांव घरोघर गेलें.

१९१८ सालीं याच कारखानदारानें वनस्पतींच्या तेलाचा, चरबीरहित साबण बाजारांत आणला आणि त्याचें नांव ठेवलें ‘चावी’. कुलुपें करणाऱ्याच्या साबणाला चावी हें नांव पाहून आज हसूं येईल, पण त्या नांवांत मोठी व्यापारी समज होती. ज्याच्या कुलुपावर रात्रीची झोंप सोंपविली, त्याच्या वडीवर आंघोळ सोंपविण्यास हरकत कोणती? कुलुपाचें पोट फोडल्यावांचून तें आंतून कसें आहे हें दिसत नाहीं, साबणाचेंही तसेंच. दोहोंतही विकत घेतला जातो तो करणाऱ्याचा शब्द.

या साबणाचें वर्णन करतांना तो ‘जगांतील पहिला’ वनस्पति-तेलाचा साबण होता, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. हा अभिमान जरा आवरला पाहिजे. शाम देशांतील अलेप्पो आणि फ्रान्समधील मार्सेय येथें ऑलिव्हच्या तेलाचा साबण कित्येक शतकें होत आलेला आहे. हिंदुस्थानांतही १९१४ सालीं मलबारांत सरकारी साबणशाळा निघाली होती, आणि म्हैसूर संस्थानचा चंदनी साबण याच १९१८ च्या सुमारास निघाला. गोदरेजांची थोरवी पहिलेपणांत नाहीं. ज्या शंकेविषयीं इतर विक्रेते मौन बाळगीत, तिचें उत्तर त्यांनीं मालाच्या कपाळावरच लिहून दिलें, हें त्यांचें श्रेय आहे.

पुढें लवकरच ‘नंबर दोन’ या नांवाचा साबण आला, आणि १९२२ सालीं ‘नंबर एक’. दोन आधीं आणि एक मागून, असें कां, याविषयीं एक गंमतीची गोष्ट सांगतात: दुसऱ्या क्रमांकाचाच साबण इतका चांगला, तर पहिला किती चांगला असेल, असें गिऱ्हाईकानें मनांत म्हणावें, असा गोदरेजांचा हिशेब होता. खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांचा अभिप्राय या साबणाच्या जाहिरातींत झळकला. कवीचा साबणाविषयीं अधिकार काय, असें कोणी विचारील. पण स्वदेशीच्या त्या दिवसांत प्रश्न फेंसाचा नव्हता, देशी माल विलायतीच्या तोडीचा असूं शकतो हें कोणी तरी भारदस्त माणसानें सांगण्याचा होता.

एवढें झालें तरी दगडावरची परीक्षा चुकत नाहीं. मुंबईहून निघालेला माल रेल्वेनें मनमाडास उतरावयाचा, तेथून रस्त्यानें मालेगांवास यावयाचा, आणि मग त्याची गांठ पडावयाची ती विहिरीच्या पाण्याशीं. दख्खनच्या काळ्या पाषाणांत मुरलेल्या पाण्यांत चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. असें पाणी जड असतें, म्हणजे त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणाला फेंस येत नाहीं. साबणाचा पहिला भाग त्या क्षारांशीं झगडण्यांतच खर्ची पडतो, आणि त्यांतून एक करड्या रंगाचा चिकट गाळ तयार होतो. तो बादलीच्या कडेला बसतो, पांढऱ्या सदऱ्यावर बसतो, आणि गृहिणी म्हणते, ‘साबण खोटा आहे.’ वास्तविक साबण खोटा नसतो, पाणी जड असतें. परीट हें पिढ्यान् पिढ्या जाणत होता. तो भट्टींत आधीं सोडा घालून पाण्याचें जडपण मारीत असे व मग साबणाला हात घालीत असे. मऊ पाण्याच्या शहरीं बसून साबण करणाऱ्याला हें ठाऊक नसेल, तर त्याच्या मालाची पहिली खेप मालेगांवास संपते आणि दुसरी मागविलीच जात नाहीं.

खाराची पारख करण्याचें साधन प्रत्येक मराठी स्वयंपाकघरांत आहे, आणि तें म्हणजे हळद. हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लावतांच पिवळा रंग एकदम तांबडा होतो. सुनेनें हा प्रकार प्रथम पाहिला म्हणजे तिला वाटतें, डाग आणखीच बिघडला. बिघडलेला कांहीं नसतो. हळदींतील रंगद्रव्य खाराशीं तांबडें होतें, स्वच्छ पाण्यांत धुतलें कीं पुन्हां पिवळें होतें, आणि उन्हांत वाळत घातलें कीं उडून जातें. रेशमी कापडासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या सौम्य द्रवानें तोच डाग तांबडा झाला, तर मात्र त्या द्रवाच्या सौम्यपणाविषयीं शंका घ्यावी. साबण उकळणारे जुने कारागीर तर तयार साबणाचा कण जिभेच्या टोकाला लावून पाहत. चुरचुरलें तर सोडा जास्त राहिला. त्यांची जीभ हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

१९३४ सालीं लिव्हर कंपनीनें मुंबईस शिवडी येथें स्वतःचा साबण-कारखाना सुरू केला, आणि देशी-विलायती हा झगडा निराळ्या पायावर गेला. कारण आतां विलायती कंपनीचा मालही येथेंच तयार होऊं लागला. मध्यंतरींच्या काळाविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. १९५९ सालीं ‘सर्फ’ ही धुण्याची भुकटी या देशांत आली, आणि जड पाण्याचा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला. ही भुकटी साबण नव्हे. ती खनिज तेलापासून केलेल्या द्रव्याची असते, आणि चुन्याच्या क्षारांशीं तिचा तो करडा गाळ होत नाहीं. मालेगांवच्या पाण्यांतही तिला फेंस आला. अडचण होती ती किंमतीची.

ती अडचण दूर केली गुजराथेंतील एका सरकारी नोकरानें. करसनभाई पटेल हे रसायनाचे पदवीधर. त्यांनीं १९६९ सालीं अहमदाबादेंत घराच्या मागल्या बाजूस पिवळी भुकटी मिसळून ती सायकलवरून दारोदार विकण्यास आरंभ केला. नांव ठेवलें ‘निरमा’, आपल्या मुलीच्या नांवावरून. भाव बड्या कंपनीच्या भुकटीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शानें. भुकटी हाताला जरा तिखट लागे, वासही साधाच. पण जिथें महिन्याच्या हिशेबांत साबणाला थोडेच पैसे ठेवलेले असतात, तिथें वासाला कोण विचारतो? बड्या कंपनीनें वर्षानुवर्षें या मालाकडे दुर्लक्ष केलें, आणि शेवटीं तिला स्वतःचा स्वस्त माल, ‘व्हील’, त्याच्यासमोर आणावा लागला. तोंवर यंत्रमागाच्या कामगाराचा तेलकट सदरा कोणत्या भुकटीनें धुवावयाचा, हें ठरून गेलें होतें.

चरबीचा जुना प्रश्न मात्र मिटला असें कोणास वाटलें असेल, तर तो १९८३ सालीं पुन्हां उभा राहिला. साबणादि उद्योगांसाठीं परदेशांतून गुरांची चरबी आयात होत असे. ती खाण्याच्या वनस्पति तुपांत भेसळ म्हणून घातली जात असल्याचें त्या वर्षीं उघडकीस आलें, देशभर खळबळ उडाली, आणि तशा आयातीवर बंदी घालावी लागली. ज्यांना वाटत होतें कीं साबणांत काय घातलें आहे हें विचारणें म्हणजे सनातनी खुळ, त्यांना कळून चुकलें कीं जो पदार्थ एका पिंपांतून मोरीजवळ येतो, तोच दुसऱ्या पिंपांतून ताटापर्यंत जाऊं शकतो.

हल्लीं घरगुती स्वच्छतेचा माल काढणें पूर्वीपेक्षां पुष्कळच सोपें झालें आहे. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं महिला बचत गट फिनेल, भांडीं घांसण्याची पावडर, धुण्याचें द्रव तयार करतात. तयार अर्क विकत मिळतो, त्यांत पाणी, सुगंध आणि रंग मिसळावयाचा, बाटल्या भरावयाच्या. हा उद्योग चांगला आहे, आणि त्यानें कित्येक घरांना आधार दिलेला आहे. त्यांतील खरी अडचण पहिल्या पिंपाची नसते. दुसरें पिंप पहिल्यासारखेंच उतरणें, ही असते. एका खेपेस दाट, दुसऱ्या खेपेस पातळ, असा माल झाला कीं शेजारीण तोंडावर कांहीं बोलत नाहीं, पण पुन्हां विकतही घेत नाहीं. तराजू, मोजपात्र आणि एक वही, यांवर जो खर्च होतो तो सुगंधावरील खर्चापेक्षां अधिक फळतो.

फिनेलविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, घरें फवारलीं गेलीं, मोऱ्या धुतल्या गेल्या, आणि त्या भयंकर दिवसांपासून डांबरी औषधाचा उग्र वास म्हणजेच स्वच्छता, असें समीकरण लोकांच्या मनांत बसलें. काळें फिनेल पाण्यांत टाकतांच दुधासारखें पांढरें होतें, हें पाहून मुलें खुष होतात. आणि धोका नेमका तेथेंच आहे. सुटें फिनेल आणि सुटें ॲसिड आजही सरबताच्या रिकाम्या बाटल्यांतून विकलें जातें, आणि तहानलेलें मूल बाटलीवरचें चित्र पाहतें, आंतला पदार्थ पाहत नाहीं. दुसरा धोका जाणत्यांचा. संडास धुण्याचें ॲसिड आणि पांढरें करण्याचें ब्लीचिंग एकत्र केलें तर दुप्पट स्वच्छता होईल, असें कित्येक सुशिक्षित घरांतही समजतात; त्या दोहोंतून निघतो तो क्लोरीन वायु, ज्याचा उपयोग १९१५ सालीं पहिल्या महायुद्धांत ईप्रच्या रणांगणावर माणसें मारण्यासाठीं झाला. बंद न्हाणीघरांत त्याची थोडीशी मात्राही छातींत कळ आणते. नव्या मालाच्या जाहिरातींत चकचकीत फरशी दिसते. हा इशारा बाटलीच्या मागल्या अंगाला, बारीक अक्षरांत असतो.

आणि धुतलेला मळ जातो कोठें? मोसमेंत. राखेचें आणि रिठ्याचें पाणी नदी पचवीत असे. आरंभींच्या धुण्याच्या भुकट्यांतील द्रव्य मात्र जलांतील सूक्ष्म जंतूंना खातां येईना, आणि युरोप-अमेरिकेंतील नद्यांवर फेंसाचे डोंगर तरंगूं लागले. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत तेथें तें द्रव्य बदलून जंतूंना पचेल असें दुसरें वापरण्यांत आलें. पाणी मऊ करण्यासाठीं भुकटींत घालण्यांत येणारे फॉस्फेट हें तर शेवाळाचें खतच आहे. मोसम बाराही महिने वाहणारी नदी नव्हे; उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत गांवचें सांडपाणीच अधिक असतें. तेव्हां जी भुकटी दगडावर चांगली ठरली, ती पुलाखालीं कशी ठरते, हाही परीक्षेचा एक पेपर धरला पाहिजे, आणि तो तपासण्याचें काम दुकानदाराचें नाहीं.

आंघोळीच्या साबणापुरतें बोलावयाचें, तर पूर्वीं जें जिभेनें ठरत असे तें आतां आंकड्यानें ठरतें. भारतीय मानकाप्रमाणें साबणांतील तैलांशाचें प्रमाण पाहून तीन प्रती ठरविल्या आहेत: शेंकडा ७६ किंवा अधिक असेल तर पहिली प्रत, ७० असेल तर दुसरी, ६० असेल तर तिसरी. त्याहून कमी तैलांशाच्या वडीला साबण म्हणतां येत नाहीं. तिला ‘बेदिंग बार’ असें निराळें नांव आहे, आणि दुकानांत ती साबणांच्याच ओळींत, तसल्याच कागदांत, तसल्याच वासाची ठेवलेली असते. तो आंकडा आणि तें नांव वेष्टनावर छापलेलें असतें, बहुतकरून कागदाच्या घडीखालीं.